बिनइंजनाचं इमान

आमच्या आजोळी 'इमान' या शब्दाला दोन अर्थ होते. एक सगळ्या जगाचा, कोशातला. दुसरा तात्यांचा, म्हणजे विमान. तात्या माझ्या आईचे वडील. हडपसरचे मळेकरी, गळ्यात तुळशीची माळ, पायात वाजणाऱ्या वहाणा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मामे-मावस भावंडं ओट्यावर अंथरुणं टाकून पडलो की कुणीतरी मुद्दाम खडा टाकायचं, "तात्या, ते चार्लीचं पोरगं कशात बसलं होतं?"

"बिनइंजनाच्या इमानात," तात्या शांतपणे सांगायचे.

"आणि खेचरं?"

"ती बी त्यातच."

एवढ्यावर आमची हसून मुरकुंडी वळायची. तात्या रागावत नसत, पटवूनही देत नसत. पानाचा डबा ओढायचे आणि आकाशाकडे बघत बसायचे. मागे गोठ्यातली म्हैस अवेळी रेकायला लागली की आजी करवादायची, "घाला तिला काही, गावाची झोप मोडली." तात्या म्हणायचे, "वरडू दे गं." म्हैस ओरडायची, शेजारचे कुरकुरायचे, तात्या मात्र ती थांबेपर्यंत जागे राहून ऐकायचे.

तात्यांची लढाई आम्हाला अशी तुकड्यातुकड्यांनीच मिळाली. सलग कधी कुणी विचारली नाही, म्हणून सलग सांगितली गेली नाही.

पहिला तुकडा मंडईचा. तीसच्या दशकात हडपसरच्या मळ्यांतली भाजी बैलगाडीने रात्रीतून पुण्याच्या मंडईत यायची. वांगी, मेथी, कोथिंबीर ओल्या गोणपाटाखाली झाकायची, कंदील गाडीच्या जुवाला टांगायचा, आणि बैलांना वाट पाठ असल्यामुळे गाडीवानाने झोपायचं. पोरसवदा तात्या वडिलांबरोबर यायचे. माल उतरवून झाला की परतायच्या आधी बैलांना विसावा आणि तात्यांना मोकळीक. मंडईला लागूनच 'आर्यन' थिएटर. 1915 मध्ये बापूसाहेब पाठकांनी सुरू केलेलं, पुण्यातल्या सिनेमाच्या अगदी आरंभीचं. आता ते नाही. मंडईजवळच्या वाहनतळाला तेवढं त्याचं नाव उरलं आहे. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे, तिथेच त्यांनी चार्ली पाहिला आणि त्याच्याबरोबरचं ते पोरगं. पोरगं दगड मारून लोकांच्या खिडक्यांच्या काचा फोडायचं आणि मागून चार्ली पाठीला काचा बांधून दुरुस्तीला हजर. हे सांगताना तात्या स्वतःच हसून लोटपोट व्हायचे. आजीचं मत वेगळं होतं. "आर्यनला नाही, कुठल्या तरी तंबूत पाहिला असेल. यांना तंबू आणि थेटर एकच." या एका मुद्द्यावर दोघांचा जन्मभर वाद चालला.

दुसरा तुकडा भरतीचा. 1942 साली तात्या पलटणीत गेले. बैलांची सवय पाहून त्यांना जनावरांच्या वाहतुकीला टाकलं, सर्व्हिस कोअरच्या खेचरांच्या कंपनीत. हुद्दा होता 'ड्रायव्हर'. आम्हाला शाळेत ते सांगायला फार आवडायचं, कारण ऐकणाऱ्याला वाटायचं की आजोबा लष्करी ट्रक चालवायचे. खेचराच्या लगामाला धरून पायी चालणाऱ्यालाही फौजेत ड्रायव्हरच म्हणत, हे आम्ही सोयीस्कर गाळायचो.

तो काळच तसा होता. एकीकडे 'चले जाव'. 24 जानेवारी 1943 ला पुण्याच्या लष्कर भागातल्या कॅपिटॉल सिनेमात क्रांतिकारकांनी ठेवलेले बाँब फुटले आणि तिथे बसलेले गोरे सैनिक मारले गेले. दारूगोळ्याच्या सरकारी आगारातला भास्कर कर्णिक हा तरुण त्या कटात होता. पकडल्यावर त्याने फरासखान्याच्या चौकीत विष घेतलं, पण तोंड उघडलं नाही. ज्या शहरात हे घडत होतं, त्याच शहराच्या वेशीवरून तात्यांसारखी शेकडो पोरं साहेबाची वर्दी चढवून ब्रह्मदेशाच्या वाटेला लागत होती. पोटासाठी गेलेली. परत आल्यावर त्यांना कुणी हार घातले नाहीत, आणि दोषही दिला नाही. त्यांच्या गोष्टीला गावात जागाच नव्हती. बेचाळीसच्या गोष्टी चावडीवर सांगितल्या जायच्या, पोवाड्यात यायच्या. तात्यांची गोष्ट ओट्यावर उरली, पोरांना हसण्यापुरती.

तिसरा तुकडा बिनइंजनाच्या इमानाचा. आसामात लालाघाट नावाची जागा, सिल्चरकडची. खेचरं तिथवर पोचती करायची हे तात्यांच्या तुकडीचं काम. "शिमग्याला चार-पाच दिस व्हतं," ते सांगायचे. "धावपट्टीवर इमानं वळीनं हुबी. पण कसली? लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वरनं कापड. तमाशाच्या कनातीसारखं. बोट मारलं की ढोलकीवानी वाजायचं. पंखा न्हाई, इंजन न्हाई. म्होरलं नाक मगरीवानी वर उघडायचं आन् त्यातनं आत खेचर घालायचं." बांबूचे आडवे बांधून खण केलेले, एका खणात एक जनावर. आणि ती विमानं चालवणाऱ्या अमेरिकन पोरांमध्ये एक जण होता. तो दिसला की गोरे सोजीर कोपरानं ढोसून एकमेकांना दाखवत. कुणीतरी तात्यांनाही दाखवला. चार्लीचं पोरगं! "पर डोस्क्यावरचं केस पार गेल्यालं."

इथे आमचं हसू अनावर व्हायचं. चार्लीचं ते गोंडस, झुलपांचं पोर, आणि टकलू?

तात्या 1979 साली गेले. पुढे कितीतरी वर्षांनी मी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये चॅप्लिनचा 'द किड' पाहायला गेले. 1921 चा मूकपट. अनाथाश्रमाची माणसं पोराला चार्लीपासून हिसकावून गाडीत घालतात आणि ते पोर दोन्ही हात पसरून रडतं, तिथे सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. चित्रपट संपल्यावर चहाच्या वेळी एक जाणकार गृहस्थ त्या बालनटाविषयी सांगू लागले. जॅकी कूगन. पोरवयात लाखो डॉलर मिळवले, ते आई आणि सावत्र बापाने उधळले. मोठा झाल्यावर त्याने कोर्टात दावा लावला, त्यातून 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे महायुद्धात तो ग्लायडर पायलट होता. ब्रह्मदेशात. 1944 साली.

माझ्या हातातला कप बशीवर वाजला.

त्यानंतर मी मिळेल ते वाचलं. 1914 चा जन्म, म्हणजे तेव्हा कूगन तिशीला टेकलेला. मार्च 1941 मध्ये तो फौजेत भरती झाला. पर्ल हार्बरनंतर, विमान चालवायची आधीची सवय असल्यामुळे, त्याने ग्लायडर मागून घेतलं. फर्स्ट एअर कमांडो ग्रुप ही त्याची तुकडी, कर्नल फिलिप कॉक्रनच्या हाताखालची. आणि त्या वर्षांतले त्याचे फोटो पाहिले. केस खरंच मागे हटले होते.

त्या तुकडीची ग्लायडरांची मोहीम निघाली ती 5 मार्च 1944 ला, रविवारी. त्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमा 9-10 मार्चला. शिमग्याला चार-पाच दिवस. तात्यांनी तारीख कधी सांगितली नव्हती, त्यांनी चंद्र सांगितला होता. आणि त्या मोहिमेला चंद्रच हवा होता, कारण उतरायचं होतं रात्री, जंगलातल्या मोकळ्या गवताळ जागांवर, दिव्यांशिवाय.

बेत जनरल ऑर्ड विंगेटचा. जपान्यांच्या पिछाडीला, सरहद्दीपासून सुमारे दीडशे मैल आत, 'चिंडिट' नावाचे त्याचे सैनिक हवेतून उतरवायचे. जागांना नावं दिलेली मोठ्या शहरांच्या रस्त्यांची: लंडनची पिकॅडिली, न्यूयॉर्कचा ब्रॉडवे, कलकत्त्याची चौरंगी. आधी ग्लायडर उतरतील, त्यातले लोक जमीन सपाट करतील, मग इंजिनवाली डाकोटा विमानं येतील. निघायला अर्धा-पाऊण तास उरला असताना टेहळणीचे ताजे फोटो आले. पिकॅडिलीवर सागाचे ओंडके आडवे पसरलेले. बेत फुटला, दगा झाला, अशी कुजबुज सुरू झाली. प्रत्यक्षात लाकूडतोड्यांनी ते वाळत घातले होते. ज्या बर्मा सागवानाच्या खांबांचं पुण्याच्या वाड्यांत आपण अजून कौतुक करतो, त्याच सागाने पिकॅडिली बंद केली. विंगेट, जनरल स्लिम आणि बाकीच्यांनी धावपट्टीवरच ठरवलं की सगळ्यांनी ब्रॉडवेला जायचं.

त्यांची विमानं वाको जातीची. पंखांचा पसारा जवळजवळ 84 फूट, पोटात दोन वैमानिक आणि तेरा सैनिक, किंवा एक जीप, किंवा तोफ, किंवा खेचरं. पोलादी नळ्या, कापड, लाकडी पंख. तात्यांची कनात अगदी बरोबर होती. अमेरिकेत असे तेरा हजारांहून अधिक बनले. फोर्ड कंपनीने बनवले, आणि पियानो बनवणाऱ्या स्टाइनवेच्या कारखान्यातही त्यांचे सुटे भाग झाले. त्या रात्री एकेका डाकोटाच्या शेपटीला नायलॉनच्या दोरांनी दोन-दोन ग्लायडर बांधले होते. सैनिकांनी पुढच्या भुकेच्या भीतीने शिधा आणि गोळ्या जादा भरून घेतल्या. डोंगर ओलांडताना वजनाने आणि झोक्यांनी दोर तुटू लागले. साठाहून अधिक ग्लायडर निघाले, ब्रॉडवेला पोचले त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाकीचे कुठे जंगलात, कुठे शत्रूच्या मुलखात, कुठे परत आपल्या बाजूला उतरले.

आणि ब्रॉडवे वरून दिसत होता तसा नव्हता. उंच गवताखाली चर होते, सागाचे ओंडके ओढून नेल्याने पडलेले. पहिल्या ग्लायडरांची चाकं त्यांत अडकून मोडली. मागून पुढचे येतच होते. इंजिन असतं तर वैमानिकाने विमान पुन्हा वर घेतलं असतं. ग्लायडरला ती सोय नाही. दोर सोडला की एकच डाव. अंधारात समोर मोडकं विमान दिसलं तरी त्याच्यातच जायचं, फार तर थोडं वरून किंवा बाजूने. तीसच्या आसपास माणसं त्या रात्री तिथे मेली.

त्यातला एक प्रसंग मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना. एका ग्लायडरमध्ये जमीन सपाट करायचा बुलडोझर होता. ते ग्लायडर झाडांमध्ये घुसलं, दोन्ही पंख कापले गेले, आणि आतला बुलडोझर सुटून पुढे धावला. पण नाक वर उघडायची यंत्रणा त्यालाच बांधलेली होती. त्याच्या ओढीने नाक वर गेलं, वैमानिक त्यांच्या खुर्च्यांसकट वर उचलले गेले, बुलडोझर खालून निघून गेला आणि मग नाक पुन्हा खाली बसलं. दोघेही शाबूत. तात्यांनी हे ओट्यावर सांगितलं असतं तर आम्ही त्यांना पाणी आणून दिलं असतं.

ब्रॉडवेवरून पहिला संदेश गेला तो दोन शब्दांचा, 'सोया लिंक'. सैनिकांना शिध्यात मिळणाऱ्या सोयाच्या नकली सॉसेजचं ते नाव. कुणाच्याही घशाखाली न उतरणारा तो पदार्थ, म्हणून वाईट बातमीला त्याचं नाव. उड्डाणं थांबली. सकाळी चांगल्या बातमीचा शब्द गेला, 'पोर्क सॉसेज'. दिवसभरात पट्टी तयार झाली आणि त्याच संध्याकाळपासून डाकोटा उतरू लागले. 11 मार्चपर्यंत नऊ हजारांहून अधिक माणसं आणि तेराशेहून अधिक जनावरं आत पोचली. कूगन त्या पहिल्या रात्रीच्या उड्डाणात होता आणि वाचला. विंगेट मात्र त्याच महिन्याच्या 24 तारखेला मणिपूरच्या डोंगरात विमान कोसळून गेला.

वाचता वाचता आणखी एक माणूस भेटला, आपल्याच मुलखातला. जर्मनीने 10 मे 1940 ला बेल्जियमचा एबन-एमाएल किल्ला ग्लायडर थेट माथ्यावर उतरवून घेतला, तेव्हापासून सगळ्याच फौजांना ग्लायडरचे डोहाळे लागले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला होता. तिथे रचनेचं काम पाहत होते कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे. गॉटिंगनला लुडविग प्रांटलसारख्या वायुगतिशास्त्राच्या गुरूकडे शिकून आलेले. त्या कारखान्यात युद्धाच्या पहिल्या वर्षांतच दहा माणसांना नेणारं ग्लायडर बनलं, नाव जी-1. इथेच आखलेलं, इथेच घडवलेलं. त्याची मालिका निघाली नाही. एकच नग झाला, आणि कारखाना दोस्तांच्या विमानांच्या दुरुस्तीला जुंपला गेला. घाटगे पुढे एचटी-2 या शिकाऊ विमानाचे शिल्पकार म्हणून ओळखले गेले. तात्यांचं आणि त्यांचं कधी तोंडही दिसलं नसणार. पण बिनइंजनाचं इमान ही साहेबाचीच चीज असं आम्ही समजत होतो, आणि एका मराठी माणसाच्या कागदावर ते आधीच उतरलेलं होतं.

हडपसरला 1950 मध्ये सरकारने ग्लायडिंग सेंटर काढलं.  तात्यांचा मळा तिथून चालत जाण्याजोगा. सहा-सात वर्षांची असताना मी त्यांच्या बोटाला धरून तिथे जायचे. कुंपणाच्या बाहेर बाभळीखाली आमची जागा ठरलेली. पिवळट गवताची लांब पट्टी, तिच्या एका टोकाला दोन माणसांचं 'रोहिणी' ग्लायडर एका पंखावर कलंडून बसलेलं. पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला विंच. एक माणूस पंखाचं टोक उचलून धरायचा, झेंडा हलायचा, गवतात पडलेली तार ताठ व्हायची. पंख धरलेला माणूस चार पावलं धावायचा आणि त्याच्या हातातून ते निसटून पतंगासारखं सरळ उभं चढायचं. वर गेल्यावर 'टक्' असा बारीक आवाज. तार सुटली. तिच्या टोकाची छोटी छत्री डुलत खाली यायची आणि वर काहीच ऐकू यायचं नाही.

मी टाळ्या पिटायचे. तात्यांचं तिकडे लक्षच नसायचं. ते तपकिरीची चिमूट घेऊन बसायचे. ग्लायडर फेरी मारून वळलं, नाक पट्टीकडे झालं, की मगच उठून उभे राहायचे आणि माझा हात घट्ट धरायचे.

"तात्या, तुम्ही उडताना का नाही बघत?"

"उडण्यात काय हाये पोरी? त्याला दुसरा वढतो. उतरताना मात्र त्याचं त्यालाच."

ग्लायडर गवताला घासत यायचं, घसटीचा आवाज व्हायचा, थांबायचं आणि हळूच एक पंख टेकायचं. तात्यांचा हात सैल पडायचा. मग ते दुसऱ्याची वाट बघत बसायचे. मला वाटायचं, म्हातारा माणूस, दिवस काढतोय. लालाघाटला तात्यांनी ओढून नेलेली विमानं पाहिली होती, उतरलेलं एकही पाहिलं नव्हतं. हडपसरच्या कुंपणाबाहेर ते बहुधा तेवढीच बाकी फेडून घेत होते.

फिल्म अर्काइव्हमधून त्या दिवशी मी थेट मावशीकडे गेले. जॅकी कूगनचं सगळं सांगितलं. मावशी भाजी निवडत होती. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग खेचरांचंही खरंच असणार."

"कुठलं?"

ते मला माहीतच नव्हतं. मुलांसमोर ते तात्या सांगत नसत. आजीला एकदाच सांगितलं होतं, आणि मावशीने दाराआडून ऐकलं होतं. जंगलात शत्रूच्या पाठीमागे जाणाऱ्या खेचरांचा आवाज काढून घ्यायचे. छावणीत जनावरांचे डॉक्टर भूल द्यायचे, नरड्यातल्या ताती कापायचे. डोकं धरून बसायचं काम ड्रायव्हरचं. शुद्धीवर आल्यावर खेचर सवयीने मान वर करून तोंड उघडायचं, पोट आत-बाहेर व्हायचं, सगळं व्हायचं, फक्त आवाज यायचा नाही. मग ते आपल्या ड्रायव्हरकडे बघायचं. अशीच जनावरं तात्यांनी त्या मगरीच्या तोंडात नेऊन बांधली. आजीला ते खोटं वाटलं होतं. असं कुणी करेल का मुक्या जिवाला, ती म्हणाली होती. मुका तर आम्ही केला त्याला, असं म्हणून तात्या उठून गोठ्यात गेले.

तेही खरं निघालं. चिंडिटांची खेचरं अशी बिनआवाजाची केली जात, हे पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं आहे.

आता तो मळा नाही, गोठा नाही. त्या जागेवर चौदा मजल्यांची इमारत आहे. मावशी मात्र जवळच, जुन्या गावठाणात राहते. तिच्या गल्लीत अजून एक दूधवाला म्हशी बाळगून आहे. परवा मी मुक्कामाला होते. रात्री दोनच्या सुमाराला म्हैस रेकायला लागली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी आपटली, कुणी शिवी हासडली. मावशीने अंधारातच विचारलं, "जागी आहेस?"

"हो."

"ओरडू दे," ती म्हणाली.

आम्ही दोघी ती थांबेपर्यंत ऐकत पडून राहिलो.